धड एक राजा

संध्याकाळी सात वाजता बाबांनी आणखी एक राजा नापास केला. कादंबरी चांगली जाडजूड होती, पण मजल चौदाव्या पानापलीकडे गेली नाही. एका रात्रीत सगळं सैन्य दोन घाट ओलांडून पहाटे किल्ल्याखाली हजर झालं, तेव्हा बाबांनी खुर्चीच्या हातावर बोट आपटलं.

"घोडे पाणी कुठे प्याले?"

लेकीने ओळीवर बोट ठेवून मागचंपुढचं चाळलं. घोड्यांच्या पाण्याचा लेखकाला पत्ताच नव्हता.

"मीट ते," बाबा म्हणाले.

बाबा बस डेपोत वाहतूक नियंत्रक होते. आपल्या सहीशिवाय एकही गाडी सुटत नसे, हे ते अजून सांगत. आई गेली, मग काचबिंदूने डोळे गेले, आणि उरला तो हा एक राजा: किल्ला गमावून अर्धं आयुष्य परमुलखात काढलेला, आणि शेवटी तो परत मिळवलेला. त्याच्यावर लिहिणाऱ्यांची वाण नव्हती. कुणाचा राजा पानोपानी गर्जना करी. तो बाबांना नको होता. कुणाचा सारखा चंद्राकडे बघत बसे, तोही नको. याला काही कामधंदा नाही का, असं ते विचारत.

लेक रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. परगावच्या मोठ्या इस्पितळात तिची बढतीवर बदली झाली होती. महिनाअखेर हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. पंचेचाळिशी उलटल्यावर आलेली ही पहिलीच बढती. दुसरी येईल अशी आशा तिला नव्हती. थोरल्या भावाने आपल्या घरी बाबांसाठी एक खोली रिकामी करून ठेवली होती. बाबा नाही म्हणाले नाहीत. दोघांना समोर बसवून एवढंच म्हणाले, "या राजावरची धड एक कादंबरी ऐकवा. मग म्हणाल तिथे येतो."

दादा हसला. लेक हसली नाही. ती बाबांना जास्त ओळखून होती.

वाचनालयाचा ग्रंथपाल आता तिला दारात पाहिलं की मान हलवू लागला होता. त्याचं म्हणणं, ताई, एवढ्या मुली तर कुणी लग्नासाठीही नाकारल्या नसतील. शेवटी त्याने माळ्यावरून मुखपृष्ठ गळालेली एक कादंबरी काढून दिली आणि यापुढे नवा राजाच जन्माला घालावा लागेल, असं बजावलं.

पहिल्याच पानावर राजाच्या डोळ्यांतून आग निघत होती. लेकीने ते वाक्य बघितलं. बाबा मान वाकडी करून, कान तिच्याकडे लावून बसले होते. भिंतीवरच्या कॅलेंडरची मोजकीच घरं उरली होती. तिने आग गाळली.

"राजा तंबूच्या दारात उभा होता," तिने वाचलं. पुढे छापलेलं तिला वाचवेना. "त्याची कंबर धरली होती."

"वाच," बाबा म्हणाले.

त्या दिवसापासून पुस्तक नुसतं मांडीवर राहिलं. सैन्याला चार रात्री लागल्या. घोड्यांना विहिरी सापडल्या, त्यातली एक आटलेली निघाली. छापील पुस्तकात राणीला रडण्यापलीकडे काम नव्हतं. लेकीच्या राणीने विचारलं, या मुक्कामी आणखी किती वर्षं काढायची? ते सांगताना लेकीचा आवाज जरा चढला. राजा घोड्यांना पाणी पाजायला उठला. दिवसभर प्रयोगशाळेत मशीनमध्ये रक्ताच्या नळ्या गरगर फिरत, आणि त्या थांबेपर्यंत ती संध्याकाळचं सैन्य पुढे सरकवून ठेवी. तिला हे आवडू लागलं होतं, आणि आवडतंय याचीच भीती वाटत होती.

किल्ला परत मिळाला त्या संध्याकाळी बाबा खुर्चीत मागे टेकले.

"हा बरा आहे," ते म्हणाले. "माणूस वाटतो."

त्यांनी दिलेला शब्द पाळला. फक्त ती कादंबरी बरोबर हवी होती. सून पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवील म्हणाले. वाचनालयाचं पुस्तक आहे, असं लेकीने सांगून पाहिलं. मग किंमत भरून टाक, बाबा म्हणाले, त्यात काय एवढं? दादाच्या गाडीत बसताना त्यांनी ते छातीशी धरलं होतं. तिने पायरीवरून हात हलवला. त्यांना दिसत नाही, हे हात खाली आल्यावर तिच्या लक्षात आलं.

नव्या गावी हजर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, काम सुटल्यावर ती भाड्याची खोली बघायला निघाली. घरमालकीण किल्ली घेऊन जिन्याशीच उभी होती. तिला पुढे कुठेतरी जायचं होतं. तेवढ्यात वहिनीचा फोन आला.

"वन्सं, काय दिलंत हो हे? पहिल्याच पानावर राजाच्या डोळ्यांतून आग, आणि इथे बाबांच्या."

बाबा कालपासून जेवले नव्हते. पिशवी भरून खाटेवर बसले होते. वहिनीने फोन त्यांच्या हातात दिला.

"बाबा, पुस्तक तेच आहे," लेक म्हणाली. "मीच थोडं..."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"पान उलटल्याचा आवाज येत नव्हता तुझ्या वाचण्यात. दिसत नाही मला. ऐकू येतं."

ती भिंतीला टेकली. मग वहिनीला वाचायला तरी कशाला लावलंत, असं तिने विचारलं. बाबांनी उलट तिलाच विचारलं.

"किल्ला मिळाल्यावर काय झालं?"

"संपलं की तिथे, बाबा."

"पुस्तक संपलं. राजा जिवंत आहे ना अजून?"

घरमालकिणीने किल्ली या हातातून त्या हातात घेतली आणि घड्याळाकडे पाहिलं. लेकीने तिला एका बोटाने थांबण्याची खूण केली, आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.