पाच मोजून मग हात

"पाय थांबला म्हणून मशीन थांबलं असं समजायचं नाही. मनात पाच मोजायचे, आणि मगच हात घालायचा."

नवऱ्याचा आवाज असा अवचित कानात यायचा. आत्ताही आला, तेव्हा ती टेबलाशी मटार सोलत बसली होती आणि समोर सहलीचा बेत रंगला होता. छापखान्यात सत्तावीस वर्षं तिनं कागदांना घड्या घातल्या. तिथं तिला नावानं कुणी हाक मारलीच नाही, घडीवाली, एवढंच.

"रविवारी सातला घर सोडायचं," सून म्हणाली. नातीच्या शाळेतून आलेलं पत्रक तिच्या हातात होतं. शहराबाहेरच्या माळावर कुणी एक जुनं गाव उभारलं होतं. ठिकठिकाणची पडायला आलेली घरं वीट न् वीट सोडवून तिथं पुन्हा बांधली होती, आणि जुन्या कपड्यांतली माणसं दिवसभर जुनी कामं करून दाखवत. "दहाला लोहार. अकराला कुंभार. बाराला छापखाना, मुलांनी स्वतःच्या हातानं आपलं नाव छापायचं!"

"मी दोनदा छापणार!" नात खुर्चीवर उभी राहिली.

"टोप्या, पाणी, आईंची घडीची खुर्ची..."

"खुर्ची कशाला गं?"

"असू दे आई," मुलगा म्हणाला. "तिथं सगळं जुनंच आहे. तुला बसवून ठेवली तर लोक रांग लावून बघतील."

सगळे हसले. तीही हसली. मग पत्रक तिच्या हातात आलं आणि हसू ओठांवरच राहिलं. चित्रात ट्रेडल मशीन होतं, पायानं चालवायचं, जबड्यासारखं उघडमीट करणारं. त्याच्या मोठ्या चाकाच्या एका आऱ्यावर लोखंडी पट्टीचं ठिगळ होतं.

"हे ह्यांचं मशीन."

"आई, असली मशीनं पैशाला पासरी होती."

"पट्टी एकालाच होती. मी रोज पुसलीय ती." तिनं शेंग खाली ठेवली. "हे थांबल्यावर एकदा मागे येतं रे. चाक उलटं फिरतं आणि जबडा मिटतो. पोरांना हात लावू देतात तिथं?"

मुलाच्या कपाळावर आठी चढली. "पुन्हा तेच नको. बाबांनी स्वतः लिहून दिलंय, नजरचूक झाली म्हणून. कागद आहे माझ्या कपाटात."

कागद होता खरा. तो कसा झाला, ते मुलाला ठाऊक नव्हतं. अकरा वर्षं सुरळीत चाललेल्या मशीननं एका दुपारी नवऱ्याच्या उजव्या हाताची तीन बोटं घेतली. चौथ्या दिवशी मालक दवाखान्यात आले ते टाइप केलेला कागद घेऊनच. 'सही केलीस तर कागद मोजायच्या कामावर ठेवून घेतो,' म्हणाले. नवऱ्यानं डाव्या हातानं दोन्ही प्रतींवर वेडीवाकडी सही केली; एक मालकांनी नेली, एक घरी आली. कागद सरकू नये म्हणून तो तिनंच धरला होता. पोटात हाच मुलगा होता.

पुढं मशीनवर जो जो नवा माणूस आला, त्याला नवरा पहिल्या दिवशीच ते पाच आकडे सांगायचा. पुन्हा कुणाचा हात गेला नाही. मग छापखाना बंद झाला आणि मशीन कुठं गेलं ते कळलं नाही. शेवटच्या दुखण्यात त्याला तेवढंच लागून राहिलं होतं. "मशीन गेलं, पण सांगणारं कुणी बरोबर गेलं नाही. सापडलं तर तू सांगून ये."

"येईन," ती म्हणाली होती. देवासमोर धरलेला नेम तिनं कधी मोडला नव्हता, आणि हा शब्द तिनं त्याच पंक्तीत ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी घर रिकामं झाल्यावर तिनं पत्रकावरचा नंबर लावला. पलीकडच्या माणसानं ऐकून घेतलं.

"बाई, आमची सगळी यंत्रं तपासलेली आहेत. दोन वर्षं चालतंय, ओरखडासुद्धा नाही."

"आमच्याकडे अकरा वर्षं नव्हता."

"तुम्ही इंजिनिअर आहात का?"

"मी घडीवाली."

"कोण?"

"कागदांच्या घड्या घालायची."

पलीकडे कुणीतरी खुदकन हसलं. "तुमच्याकडे लेखी काही आहे का? लेखी असेल तर बघू."

तिनं रिसीव्हर हळूच खाली ठेवला. लेखी होतं. नेमकं तेच तेवढं होतं, आणि तेच खोटं होतं.

शुक्रवारी सून ऑफिसातून आली ती नवा बेत घेऊन. "जुनं गाव रद्द! ताईकडची मंडळी येतायत, त्यांना पाण्याचे खेळ हवेत. कोण बघणार ते भंगार दिवसभर?" नात नाचायलाच लागली. छापायचं नाव ती विसरूनही गेली.

मुलगा आईजवळ येऊन टेकला. "चला, तुझी काळजी मिटली."

"मिटली कशी? आपली पोर जाणार नाही, एवढंच झालं."

"मग आता सगळ्या जगाच्या पोरांना तू सांभाळणार?"

"ह्यांनी सांभाळली." आवाज चढू न देता ती म्हणाली. "सहीच्या वेळी कागद मी धरला होता रे. चूक त्यांची नव्हती."

"आई, पुरे." तो उठला. "झोप आता."

रविवारी गाडी भरभरून निघाली. खुर्ची भिंतीशी टेकून राहिली होती. तिनं दिवा लावला, पोथीचं नेमाचं पान वाचलं. मग मुलाच्या कपाटातून तो कागद काढला, पालथा घातला आणि कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'चाक मागे येतं. पाच मोजा, मगच हात घाला. मागची सही खरी आहे, मजकूर खोटा. कागद मी धरला होता.' खाली सही केली. पूर्ण नाव, आणि त्यापुढे 'घडीवाली'.

छापलेली बाजू बाहेर, कोरी आत. सत्तावीस वर्षं तिची घडी अशीच पडत आली होती. आज तिनं टाइप केलेली बाजू आत घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून वरून नख फिरवलं, कागद पदराआड धरला, आणि बाराच्या आत जुन्या गावी पोचायचं म्हणून बस थांब्याकडे चालू लागली.