दारावरून पुलापर्यंत

छपराचा सांगाडा उभा राहिला की सर्बियातल्या त्या डोंगरगावात सगळे कामगारांसाठी आहेर आणतात. कुणी सदरा, कुणी टॉवेल. वुकोमान सुतार शिडीच्या टोकावरून एकेक आहेर उंच धरून दाखवायचा, देणाऱ्याचं नाव ठणकावून पुकारायचा आणि मग वाशाला बांधायचा. सदरा दोन्ही हातांनी धरायचा. एका हातानं धरला तर देणाऱ्याचा अपमान! मग शिडी कोण धरणार, हे विचारण्याची अक्कल पिढ्यान्‌पिढ्या कुणाला झाली नाही.

त्या दिवशी वुकोमाननं सदरा उंचावला, नाव पुकारलं आणि शिडी सरकली. तो पाठीवर आदळला.

"पाय जाणवेनात गं," तो बायकोला, स्टानियाला म्हणाला.

धाकटा भाऊ रादिसाव धावला. "दादा, ऊठ! अरे बसवा त्याला, घोटभर दारू पाजा!"

"भावोजी, हात लावाल तर बघा!" स्टानिया आडवी आली. "माझ्या बापाला असंच मायेनं उठवून बसवलं होतं. पुन्हा कधी चालला नाही तो."

रादिसावनं पुढे केलेले हात मागे घेतले.

अँब्युलन्स खाली पुलापर्यंतच येणार होती आणि उताराची पायवाट चिखलानं निसरडी झालेली. नव्या घराचं अजून न बसवलेलं दार आणलं, सगळ्यांनी मिळून वुकोमानला सरळच्या सरळ त्यावर घेतलं. पण उतरायचं कसं? एकाचा पाय घसरला की खेळ खलास.

"कुणी चालायचंच नाही," स्टानिया म्हणाली. "पाय रोवून उभे राहा. दार तेवढं पुढं द्या."

बघता बघता पुलापर्यंत माणसांच्या दोन रांगा लागल्या. म्हातारे, नव्या सुना, बांधावरून एकमेकांचं तोंड न बघणारे शेजारी, सगळे समोरासमोर. दार हातांवरून हातांवर सरकत निघालं. कुणी खोकलंसुद्धा नाही. शेजारच्या शेतातून धडपडत उतरताना स्टानिया त्या रांगांकडे बघत होती. हीच का ती रोज कुचाळक्या करणारी माणसं? त्यांच्यापुढे लोटांगण घालावं असं तिला वाटलं.

पुलावर अँब्युलन्सच्या डॉक्टरीणबाईंनी वुकोमानचा बूट काढला. "अंगठा हलवा बरं."

काहीच झालं नाही. मग अंगठा किंचित हलला.

"हलला!" ती वर बघून किंचाळली आणि बघतच राहिली. दार केव्हाच पुढं गेलं होतं, तरी अख्ख्या उतारावर सगळे तसेच हात पुढे करून उभे होते. "हलला, हलला," करत शब्द तोंडोतोंडी वर चढला, तेव्हा कुठं एकेक हात खाली आला.