जावयाचं हलकं घड्याळ

मी टायटॅनियम बोलतोय. घड्याळाच्या काट्यांभोवती जे चकचकीत कवच असतं ना, ते मी. सध्या सोलापूरच्या कोर्टात, मुद्देमालाच्या खोलीत, लाखेनं बंद केलेल्या खाकी पाकिटात माझा मुक्काम आहे. मनगटावर होतो तेव्हा गप्प राहिलो. त्याची लाज वाटते, म्हणून आज सगळं सांगून टाकतो.

माझा जन्मच मारहाणीतला. कुठल्याशा परदेशी कारखान्यात मला लाल होईस्तोवर तापवलं, यंत्राखाली ठेचलं, लेथवर सोललं. माझा कीस पांढऱ्याफेक ज्वाळेनं पेटतो, त्यामुळे कामगार माझ्याशी जरा भिऊनच वागत. शेवटी पॉलिशच्या चाकावर घासघास घासलं. स्टील लवकर चमकतं, मी चिवट. कारागिराच्या नाकी नऊ आणल्यावर कुठं चमकलो, आणि तीही चमक स्टीलपेक्षा जरा सावळीच.

तिथून मी नवी पेठेत हरिदासच्या दुकानात आलो. हरिदास घड्याळं विकतो आणि दुरुस्तही करतो. एके दिवशी खांद्यावर घोंगडं टाकलेला एक म्हातारा दुकानात शिरला. तो सांगोल्याकडचा गुंडा, मेंढरं राखणारा. धोंड्याचा महिना लागला होता. अनारसे, धोंडे, कपडे सगळं झालं होतं, पण जावयाला घड्याळ द्यायचं त्याच्या मनात होतं. लग्नात दिलेलं स्टीलचं घड्याळ लई जड आहे, हात दुखतो, असं जावई दोनदा बोलून दाखवायला विसरला नव्हता.

हरिदासनं मला गुंडाच्या तळहातावर ठेवलं. म्हाताऱ्यानं हात वरखाली करून पाहिला आणि आत मशीन घातलंय ना, अशी खात्री करून घेतली. हरिदास हसला. म्हणाला, हे घातल्याचं आठवतसुद्धा नाही, थंडीत गार लागत नाही, काचही सहजासहजी फुटत नाही. फक्त चकचकीत नका घेऊ, मामा, ह्याच्यावर ओरखडे लगेच दिसतात. मळकट रंगाचं घ्या.

"जावयाला मळकं दिऊ व्हय?" गुंडा म्हणाला. "माझी पोर हाय त्येच्या घरात."

तेव्हा मला वाटलं, म्हातारा हौशी आहे. त्या वाक्याचा अर्थ मला पुढं कळला. गेल्या खेपेला त्यानं पोरीच्या दंडावर काळानिळा डाग पाहिला होता. पोरगी म्हणाली, दार लागलं. त्यानं ऐकून घेतलं आणि गावी जाऊन दोन बोकड विकले. जावयाचा मान ठेवला की त्याचा हात आवरेल, असा त्या भोळ्या माणसाचा हिशेब होता. मला त्याचा राग येतो, आणि कीवही येते.

जावई बापूसाहेब. प्लॉटच्या धंद्यात असतो, बाहेर गोड बोलतो. त्याच्या बायकोचं नाव सोनम. पहिल्याच दिवशी मला कपाटाच्या खणात ठेवलं, तिथं ते जुनं स्टीलचं घड्याळ पडलं होतं. त्यानं मला या घराची रीत सांगितली. एकदा मारताना त्याची काच फुटली होती आणि बापूसाहेबाला फार हळहळ वाटली होती. बायकोच्या पाठीची नव्हे, काचेची. तेव्हापासून हात उगारण्याआधी तो घड्याळ काढून फ्रिजवर ठेवायचा. टक् असा आवाज व्हायचा. तो आवाज आला की सोनम हातातलं काम टाकून मागच्या दारानं शेजारच्या धम्मप्रियाकडे जायची आणि आतून कडी लावायची. धम्मप्रिया सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिनं आपलं मागचं दार सोनमसाठी उघडंच ठेवलं होतं.

"जड होतो मी," जुनं घड्याळ म्हणालं, "पण त्या बाईच्या उपयोगी पडत होतो." मला ते खोचक वाटलं. नव्या नव्या चकाकीची घमेंड होती ना!

आठच दिवसांत माझी घमेंड उतरली. फोन का उचलला नाहीस म्हणून बापूसाहेब तापला. त्याची नाडी माझ्या पाठीशी धडधडत होती, म्हणून मला आधी कळलं. सोनमलाही त्याच्या पावलांवरून काहीतरी कळलं असावं. पीठ मळता मळता तिचे हात थांबले, मान फ्रिजकडे वळली. ती टक् ऐकायची वाट बघत होती. टक् झालंच नाही. मी हलका, अंगाबरोबर ऊबदार, फुटायची भीती नाही. मला काढायचं त्याला सुचलंसुद्धा नाही. ती उठायच्या आत पहिली थप्पड बसली, दुसऱ्या वेळी तिनं हात आडवा धरला आणि तिच्या बांगड्या माझ्यावर फुटल्या. काचेनं माझ्या अंगावर तीन बारीक रेघा उमटल्या.

त्या पहिल्या तीन. पुढं वर्षभरात मी रेघा मोजणं सोडून दिलं. कधी कुंकवाच्या पेटीवर आपटलो, कधी तिच्या दातांवर. केसांचा झुबका पट्ट्याच्या कडीत अडकून उपटून आला, तो त्यानं फुंकून टाकला. सोनम आता खुर्ची सरकली तरी दचकायची, पण ऐकण्यासारखं नेमकं असं काही उरलं नव्हतं. ती मागच्या दाराजवळ पोचेपर्यंत वेळ गेलेली असायची. मी घरात आल्यापासून ती एकदाही कडीपर्यंत पोचली नाही.

मग तो रविवार आला. दुपारची जेवणं झाली होती. सोनम ताटं उचलता उचलता म्हणाली, टॉवेल शिवायच्या कारखान्यात काम मिळालंय, उद्यापासून जाते. तिनं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. बापूसाहेबानं तिचा अंबाडा धरून तिला ओट्याकडे ओढलं. चार ठोसे मी मोजले. पाचव्याला, पट्टा अडकवायचा माझा टोकदार कान तिच्या डाव्या भुवईखाली घुसला. मी काहीही करू शकलो नाही. मऊ लागलं, आणि मग सगळं गरम आणि ओलं झालं.

ती खाली कोसळली. बापूसाहेब नळाशी गेला आणि त्यानं आधी मला धुतलं. तिच्या पदराच्या टोकाला पुसलं. तोवर आवाज ऐकून धम्मप्रिया मागच्या दारानं आत आली होती. तिनं सोनमला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डोळा राहिला, नजर गेली. बापूसाहेबानं डॉक्टरांना सांगितलं, पाय घसरला, ओट्याची कड लागली. सोनम दोन दिवस काहीच बोलली नाही.

सोमवारी सकाळी तो मला घेऊन हरिदासकडे गेला. आरशासारखं करून दे, म्हणाला, एकही रेघ दिसता कामा नये. हरिदासनं पाठ उघडली, भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ वर पाहिलंच नाही. पाठीच्या खोबणीत वाळलेल्या रक्ताची काळपट कड होती. पट्ट्याच्या कडीत हिरव्या काचेचा कण होता, त्याला एक लांब केस गुंडाळलेला. त्यानं पॉलिशचं चाक सुरू केलं नाही. उगाच म्हणाला, टायटॅनियम हट्टी असतं, बुधवारी या.

मंगळवारी गुंडा दवाखान्यात पोचला. तिथं काय झालं ते मला नंतर ठाण्यात, जबाब लिहिताना कळलं. लेकीच्या डोळ्यावरची पट्टी पाहून तो खाटेच्या कडेला बसला, आणि जावयाकडनं चुकून झालं असंल, पोरी, असं काहीतरी पुटपुटला. तेव्हा सोनम बोलली.

"आबा, आदीचं घड्याळ ठिवल्याला आवाज यायचा. त्यो आला की मी पळायची. तुमी हलकं दिलं. मग मला कायबी ऐकूच आलं न्हाई."

बापूसाहेबानं घड्याळ पॉलिशला टाकलंय, हे शेजारच्या धम्मप्रियाला कळलं होतं. म्हातारा उठला आणि तिला घेऊन थेट हरिदासच्या दुकानात आला. हरिदासनं मला समोर ठेवलं, काचेचा कणही दाखवला. गुंडानं दुकानातली हातोडी उचलली आणि माझ्यावर घाव घातला. मला खड्डा पडला. दुसरा घाव घालण्याआधी धम्मप्रियानं त्याचं मनगट घट्ट धरलं.

"काका, ह्याला मोडू नका. सोनमनं सांगितलेलं खरं आहे, हे ह्याच्यावरूनच कळंल."

तिनं मला कोऱ्या कागदात गुंडाळलं आणि तिघं पोलीस ठाण्यात गेले. पंचनाम्यात माझी एकेक रेघ लिहिली गेली. मोठ्या खड्ड्यापाशी हवालदार अडला. गुंडा पुढं झाला. "त्यो घाव माझा हाय, ल्ह्या. आन घड्याळ बी मीच दिलं व्हतं, त्ये बी ल्ह्या." इतकं बोलून तो भिंतीला टेकला आणि मोठ्यानं रडला.

काल सोनमची साक्ष होती. ती टॉवेलच्या कारखान्यातून सुट्टी घेऊन आली होती. समोर बापूसाहेब इस्त्रीच्या शर्टात उभा होता. कारकुनानं पाकीट फोडून मला टेबलावरच्या काचेवर ओतलं.

टक्.

सोनम साक्षीच्या पिंजऱ्यातून उतरून दारापर्यंत गेली होती. कुणाला काही कळेना. कडीकडे गेलेला हात तिनं स्वतःच खाली घेतला. मागं वळून माझ्याकडे पाहिलं, मग बापूसाहेबाकडे. मग ती सावकाश परत आली आणि जागेवर उभी राहिली.

"व्हय, हेच," ती म्हणाली. "आता इचारा."

निकाल काय लागेल, मला ठाऊक नाही. तो लागला की मला कुणाच्या तरी ताब्यात देतील. ज्याच्या हाती पडेन, त्याला एवढंच सांगणं आहे. माझ्या अंगावरच्या या रेघा तिच्या बांगड्यांच्या आहेत. मला पॉलिश करू नका.