कपाटामागची लाल गाडी

भिंतीला ओल आली म्हणून भिंगभाऊंनी एका रविवारी कपाट पुढे ओढलं, तर मागे धुळीत एक मोटार सापडली. तळहाताएवढी, ओतीव धातूची, हाताला चांगली जड. खऱ्या गाडीची बारीकसारीक नक्कल होती ती. दाराच्या मुठी, पुढची जाळी, आत शेंगदाण्याएवढं स्टिअरिंग. रंग लाल, पण ब्रशने जाडसर थापलेला. चाकांच्या नावाने मात्र बोंब होती. तीन गायब, आणि चौथ्याच्या जागी कोटाचं एक पांढरं बटण.

भिंगभाऊ हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. इथल्या चष्म्याच्या कारखान्यात काचा घासायला आले, त्याच आठवड्यात ते चिकटलं. वय सत्तेचाळीस. आईचं आजारपण काढता काढता लग्न राहून गेलं, आणि मग आईही राहिली नाही. जुना कारखाना बंद पडला तेव्हा मिळेल त्या कामावर या शहरात आले, त्याला आता दीड वर्ष होत आलं होतं. रविवारी ताईचा फोन यायचा.

"जेवलास?"

"जेवलो."

"बरा आहेस ना?"

"मला काय धाड भरलीये!"

तेवढं झालं की सोमवार सकाळपर्यंत तोंड उघडायचं कारण उरायचं नाही.

गाडी घेऊन ते खाली घरमालकीण काकूंकडे गेले. काकूंनी लांबूनच बघितली. "तुमच्या आधी नर्सबाई राहायच्या, त्यांचीच असणार. नंबर देते, विचारून घ्या."

नंबर खिशात आला, पण फोन काही झाला नाही. मोडकी वस्तू कशी परत करायची, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरी गोष्ट वेगळी होती. कुणाला तरी फोन करायला त्यांच्या हाती बऱ्याच दिवसांनी काहीतरी निमित्त आलं होतं आणि ते एका झटक्यात संपवायला मन होत नव्हतं.

मग चाकं करायची ठरली. कारखान्यात काचेऐवजी घासतात त्या प्लॅस्टिकच्या जाड चकत्यांचे तुकडे टोपलीभर पडलेले असत. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने संपवून ते लेथवर बसू लागले. शेजारच्या मशीनवरचा जाड्या येऊन डोकावला.

"काय भिंगभाऊ, वरातीची गाडी का?"

"हो. तुला पुढे नाचायला बोलावतो."

जाड्या हसला आणि निघून गेला. थांबला असता तर भिंगभाऊंनी त्याला चाकांच्या आसाला छत्रीची काडी कशी बरोब्बर बसते ते दाखवलं असतं.

टायरसाठी ते नळाच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "वॉशर कितीचा? नळ कुठला आहे?"

"नळ नाही, मोटार आहे."

"पाण्याची मोटार?"

"नाही हो, चार चाकांची."

दुकानदाराने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि काळ्या रबरी कड्यांचा डबाच पुढे सरकवला.

पहिली चार चाकं फुकट गेली. दिसायला झकास, पण बसवल्यावर मडगार्डला घासायची. नखभर कमी करून दुसरी केली, तरी मागचं एक अडायचंच. शेवटी मडगार्डच्या आतला रंग पात्याने खरवडायला घेतला. लालाखाली हिरवा निघाला. हिरव्याखाली साईसारखा पिवळट पांढरा. भिंगभाऊंनी पातं बाजूला ठेवलं आणि डोळ्याला भिंग लावून बराच वेळ त्या तीन कडांकडे बघत बसले. पुढे गरजेपुरतंच खरवडलं. बाहेरच्या लाल रंगाला हात लावला नाही.

तीन आठवड्यांनी गाडी टेबलाच्या या टोकावरून त्या टोकापर्यंत सरळ रेषेत गेली. मग फोन करण्यावाचून इलाज उरला नाही.

पलीकडे मुलांचा गलका, टीव्ही, भांडी असा सगळा बाजार चालू होता. नर्सबाईंना आधी नीट ऐकू गेलं नाही. मग गलका मागे पडला, दार लावल्याचा आवाज आला. "ती लाल गाडी? अजून आहे?"

"आहे. चाकं नवी केलीत. तुम्हाला आणून देऊ का?"

"नको, नको, इथे नको. मीच येते."

रविवारी चार वाजता त्या आल्या. पासष्टीच्या, ठेंगण्या, जिने चढून धाप लागलेल्या. खोलीभर नजर फिरवून त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या, जणू कालच उठून गेल्या होत्या. भिंगभाऊंनी चहा केला. कप एकच होता, तो त्यांना दिला आणि स्वतः पेल्यात घेतला. गाडी टेबलावर होती. बाईंनी बोटाने ढकलली, ती भिंगभाऊंपर्यंत आली.

"छान झाली हो. मला नव्हतं जमलं. ते बटण माझ्याच कोटाचं."

"लाल रंग तुमचा?"

"माझा. मला सापडली तेव्हा हिरवी होती. त्याच कपाटामागे. आधी कोण राहायचं, काकूंनाही आठवेना. पहिलं वर्ष फार जड गेलं मला इथे. सुट्टीच्या दिवशी काय करायचं? रंगवत बसले."

"मग नेली का नाहीत?"

"आता भाचीकडे राहते, त्या घरी सात माणसं आहेत. दुसऱ्या दिवशी तुकडे झाले असते." त्यांनी कप खाली ठेवला. "तिथे सगळे जीव लावतात, खोटं कशाला बोलू? पण दार लावून घटकाभर बसले की लगेच कुणीतरी विचारतं, काय झालं? म्हणून आज म्हटलं, मीच जाते. इथे बसायचं होतं थोडं."

घर भरलेलं असण्याचा कुणाला जाच होत असेल, हे भिंगभाऊंच्या ध्यानीमनी नव्हतं. काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी शब्द जुळवले, पण बाईंना बोलणं नको होतं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांचा चेहरा सैल पडत चालला होता. तीन आठवडे भिंगभाऊंनी मनात योजून ठेवलेलं बोलणं, लेथचं, वॉशरचं, तिन्ही रंगांचं, तसंच राहिलं. अर्धा तास ते पेला हातात धरून गप्प बसले.

उठताना बाई म्हणाल्या, "तुम्ही फार चांगले आहात. दुसऱ्या कुणी इतकं बोलून डोकं खाल्लं असतं."

"गाडी न्या ना."

"तुम्हीच ठेवा. माझ्याने पुन्हा हे जिने चढवणार नाहीत."

भिंगभाऊ वरूनच बघत राहिले. बाई रस्ता ओलांडून थांब्यावर उभ्या राहिल्या, चष्मा सारखा करून येणाऱ्या बसचा नंबर वाचू लागल्या. वर बघितलं तर हात करावा, म्हणून भिंगभाऊंनी तो खिडकीच्या गजावर तयार ठेवला होता. बस आली आणि बाई चढल्या. त्यानंतर आणखी दोन बस येऊन गेल्या, तरी भिंगभाऊ तिथेच होते.