सैल विणीची टोपली

मी एक जुनी टोपली आहे, मित्रांनो. वेताची, रुंद तोंडाची आणि बुडाशी मुद्दाम सैल विणलेली.

मला विणलं डोंगरात राहणाऱ्या एका मावशीनं. तिच्या माणसांची रीत अशी, की कंद खणून आणताना मोठे टोपलीत राहावेत आणि बारके बुडातून वाटेवर गळावेत. गळलेला कंद कोणी उचलायचा नाही. तो जमिनीचा वाटा. पुढल्या मोसमात त्याच वाटेवर नवे वेल उगवत. मी विणून झाले तेव्हा मावशीनं बुडात बोट घालून पाहिलं आणि "जमलीस गं," म्हणाली. एवढं कौतुक मला पुढे कधी मिळालं नाही.

तिनं वाढवलेली भाची लग्न होऊन शहरात गेली, तेव्हा तिच्या सामानात मीही होते. सासूबाई मोठ्या हौशी. त्यांनी परसात रताळी लावली होती. मला भरून त्या आत आल्या आणि परसापासून चुलीपर्यंत बारकी रताळी सांडत गेली. शेजारीण हसली, "अगं, ही टोपली आहे की चाळण?"

सगळ्यांनी सुनेकडे पाहिलं. तिला रीत ठाऊक होती. लहानपणी तीच तर वाटेवरचे वेल शोधत पळायची. पण नव्या घरात आपल्या माणसांचं हसं नको, म्हणून ती मान खाली घालून म्हणाली, "मावशीची नजर कमी झालीय. वीण सैल पडते तिची."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंड एवढं रुंद, पण बोलता येईना. सासूबाईंनी मायेनं माझ्या बुडाला जाड कापड शिवलं. मग काही गळलं नाही, आणि वाटेवर काही उगवलंही नाही.

एकदा मावशी भाचीला भेटायला आली. तिनं मला जवळ ओढलं आणि सवयीनं बुडात बोट घातलं. ते कापडाला अडलं. सासूबाई हौसेनं सांगू लागल्या, की तुमची नजर कमी झाल्याचं सूनबाईकडून कळलं, म्हणून मीच शिवून टाकलं.

मावशीनं भाचीकडे पाहिलं. भाचीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"होय हो," मावशी म्हणाली. "पहिल्यासारखं दिसत नाही आता. टाके मात्र छान घातलेत तुम्ही."

सुनेला रडू आवरेना. "तिची नजर चांगली आहे," ती म्हणाली. "मलाच माझ्या माणसांची लाज वाटली." मग तिनं त्या रीतीबद्दल सगळं सांगितलं. "मी तरी कुठे विचारलं, भोक दिसलं की शिवत सुटले," असं पुटपुटत सासूबाईंनी कात्री आणली आणि कुठून उसवू ते मावशीलाच विचारलं.

आता बारकी रताळी वाटेवर गळतात आणि सासूबाई ती शेजारणीला उचलू देत नाहीत. पण मला त्या दिवसाची शरम अजून वाटते. मित्रांनो, दुसऱ्याची रीत कळली नाही तर हसण्याआधी विचारा, शिवण्याआधी तर नक्कीच विचारा. आणि रीत आपली असेल तर सांगायला लाजू नका. नाहीतर ज्यांनी डोळ्यांत तेल घालून आपल्याला घडवलं, त्यांनाच आपली अब्रू राखायला 'मला दिसत नाही' म्हणावं लागतं.