वर्षातल्या एका दिवसाचं इंजिन

कोंडीबाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि चकचकीत फरशीवर उकिडवं बसून नव्या पिकअपच्या मागच्या अंगाला खालून वाकून पाहिलं. हूक जिथे बसणार होता तिथे बोटाच्या पेरांनी दोनदा ठोकलं. सोलापुरात सात रस्त्याच्या त्या शोरूममध्ये लोक गाडीचं तोंड बघायला येतात. मोहोळचा हा गडी मात्र तासाभरापासून तिची पाठच बघत होता.

त्याची लेक पायल केव्हाच मोबाइलवर हिशेब मांडून मोकळी झाली होती. रोज भाजी घेऊन सोलापूरला यायचं, तर गॅसवर चालणारं लहान इंजिन पुष्कळ झालं. विक्रेता संगमेशचंही तेच मत पडलं. मोठं पेट्रोल इंजिन त्यानेच दाखवलं आणि नको म्हणूनही त्यानेच सांगितलं. असा विक्रेता विरळाच. दोन टनांचं मळणी यंत्र मागे जोडून गाडी चढावर थांबली, तर लहान इंजिन पुन्हा हलताना धापा टाकेल, हे खरं. पण ते ओढायचं वर्षातून एकदा. त्यासाठी रोज जास्तीचं पेट्रोल जाळायचं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

"ट्रॅक्टर सांगायचा की अण्णा, दरवर्षीसारखा," पायल म्हणाली.

ट्रॅक्टर दरवर्षी जातच होता. कोंडीबाची धाकटी बहीण सोजरबाई अक्कलकोटच्या पलीकडे दिलेली. तिच्या ज्वारीची रास माहेरच्या मळणी मशीनवरच व्हायची, हा वडिलांनी घातलेला पायंडा. वडील गेले आणि जमिनीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर कोंडीबाने तिची सही घेतली. सगळेच भाऊ घेतात, तशी त्यानेही घेतली. तिने मुकाट्याने सही केली, चहा न घेता उठली आणि पुन्हा माहेरचा उंबरा चढली नाही.

मशीन पाठवायचं कोंडीबाने थांबवलं नाही, तिनेही ते नाकारलं नाही. फक्त परत येताना त्यावर ज्वारीचं एक पोतं बांधलेलं असे. मळणीचं भाडं, परक्याने द्यावं तसं. त्या पोत्यातली भाकरी कोंडीबाच्या घशाखाली उतरत नसे. या खेपेला आपणही सोबत जावं असं दरवर्षी त्याच्या मनात येई, आणि दरवर्षी नेमकं काहीतरी काम निघे. खरं तर काम निघत नव्हतं, तो ते काढत होता.

"ट्रॅक्टरला शीट एकच असतंय," तो आता म्हणाला.

पायलला त्यातलं काही कळलं नाही. कोंडीबा उठला, टोपी घातली आणि ड्रायव्हरच्या शेजारचं दार उघडलं. तिथली गादी त्याने तळव्याने दाबून पाहिली, मग जरा सरकून पुन्हा दाबली.

"मोटंच घेतू," तो म्हणाला. "हूक बसवून द्या."

पायलने मोबाइल पुढे केला. त्याने तो हलकेच बाजूला सारला आणि संगमेशला जवळ बोलावलं.

"येताना मागं मशिन आसंल, आन हितं एक मानूस. चढाला वडंल नव्हं?"

संगमेशला हसू आलं. मोठ्या इंजिनाला एका माणसाचं काय ओझं? पण म्हातारा इतक्या कळकळीने विचारत होता, की त्यानेही खिशातून पेन काढलं.

"वजन किती असेल काका त्यांचं?"

कोंडीबाचा हात गादीवरच राहिला. पायल त्याच्याकडे बघत होती. मोबाइल तिने कधी खाली घेतला ते तिचं तिलाही समजलं नाही.

"सही केली तवा लई बारीक हुती," कोंडीबा म्हणाला. "सात वर्सं झाली. आता किती भरंल, म्हाईत न्हाय."