तळाचं पाणी

चुलीवर मोठं पातेलं, पातेल्यात दगडावर ठेवलेली वाटी, वर उलटं झाकण आणि झाकणावर ओलं फडकं. वाफ गार होऊन वाटीत थेंब थेंब पडायची. बोअरच्या पाण्यात युरेनियम निघाल्यापासून धम्मप्रियाची सकाळ अशीच जायची. त्याला वास नाही, रंग नाही. साप दिसला तर माणूस काठी तरी उचलतं. सांगोल्याकडून टँकर यायचा तेव्हा यायचा. लेक आर्या मात्र आताशी वरचं खायला लागली होती.

"वाटीभर पान्यापायी भाराभर जळन," भाकरी थापता थापता सासू शालन म्हणाली. "आमी ह्याच बोअरवर म्हातारं झालो की गं."

"तुमी झाला, आत्या. हिला अजून व्हायचंय."

"तोंडाला काय कमी न्हाय तुझ्या," म्हणत शालन हसली.

एरवी पातेल्यातली वाटी काढून ठेवून धम्मप्रिया धुण्याला जायची. आज वाटी काढली, पण पोर कुरकुरत होती म्हणून चुलीपाशीच टेकली. शालननं परातीत पीठ ओढलं, पातेल्यात तांब्या बुडवला आणि तळाचं गरम पाणी पिठावर ओतलं.

धम्मप्रिया पुढं सरकली. "आत्या, रोज ह्याच पान्यानं मळता?"

"मग? जुंधळ्याच्या पिठाची विरी गेलीया, चिकटपना ऱ्हायला न्हाय. ऊन पान्याबिगर भाकरी थापंल का? तापलेलं पानी वतून द्यू व्हय?"

"वर जातंय त्येच चांगलं, आत्या. वाईट समदं खाली ऱ्हातंय. आटून आटून घट्ट हुतंय."

शालनचा हात पिठात तसाच राहिला. तिच्या मांडीला टेकून आर्या कालच्या भाकरीचा पापुद्रा चघळत होती. हनुवटीवरनं लाळ गळत होती. धम्मप्रियानं बोट घालून तिच्या तोंडातला लगदा काढला. पोरीनं भोकाड पसरलं. वाटीतलं सगळं पाणी तिचं तोंड पुसण्यात गेलं.

"मी तर तिला मऊ मऊ बगून द्यायची गं," शालन हळू आवाजात म्हणाली.

मग ती उठली. पदरानं पातेलं धरून अंगणात गेली. तिला बघताच शेळ्या दावं ताणून ओरडायला लागल्या. उरलेलं पाणी रोज त्यांनाच मिळायचं. शालन मागं सरकली. परसात कोथिंबीर होती, त्यापुढं शेजाऱ्याचं आळं.

हाताला चटका बसत होता, तरी पातेलं तिनं खाली ठेवलं नाही.

"धम्मे," ती म्हणाली, "ह्ये टाकू कुटं गं?"